दोन छपरं, एक पवनचक्की आणि एक तक्ता

पत्र :

एका संस्थेत मी विद्युत देखभाल पाहते. आमच्या दोन इमारतींवर वेगवेगळ्या पुरवठादारांनी बसवलेले सौर संच आहेत. ‘अ’ २० किलोवॅटचा आहे. त्याची सगळी पॅनेल विषुववृत्ताकडे तोंड करून नीट कोनात बसवलेली आहेत. ‘ब’ ३० किलोवॅटचा. त्यातली निम्मी पॅनेल पूर्वेकडे, निम्मी पश्चिमेकडे आणि जवळजवळ आडवी. आवारात १० किलोवॅटची एक पवनचक्कीही आहे. वर्षभरात ‘अ’ने २८,६०० युनिट दिले, ‘ब’ने ३९,९०० आणि पवनचक्कीने ९,६००. प्रमुखांनी एका ओळीत विचारलंय : तिघांत चांगलं कोण, आणि पुढचं काम कुणाला द्यायचं? मी तक्ता केला. प्रति किलोवॅट पाहिलं तर ‘ब’ मागे पडतो आणि पवनचक्की तर फारच मागे. ‘ब’चा पुरवठादार म्हणतो की अशी तुलना चालत नाही. तो सबबी सांगतोय का? शिवाय ‘अ’ संच मीटरवर कधीच २० दाखवत नाही, आणि ऐन कडक उन्हाच्या महिन्यात तो आधीच्या थंड महिन्यापेक्षा कमी देतो. आम्हाला फसवलंय का? दोन्ही छपरांवरच्या ऊन मोजणाऱ्या सेन्सरच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. वाऱ्याची नोंद मात्र फक्त इमारतीच्या गच्चीवरच्या यंत्राची आहे.

– एक देखभाल अभियंता

उत्तर :

नमस्कार. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो तुम्हाला जास्त सलतोय असं दिसतं. २० किलोवॅटचा संच २० दाखवत नाही म्हणून फसवणूक झाली असं होत नाही. पॅनेलच्या पाठीवर छापलेला आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक परिस्थितीतला असतो : दर चौरस मीटरला १,००० वॅट प्रकाश आणि पॅनेलमधल्या, प्रत्यक्ष वीज करणाऱ्या सेलचं तापमान २५ अंश. हवेचं नव्हे, सेलचं. छपरावर या दोन गोष्टी एकाच वेळी जुळून येणं जवळजवळ अशक्यच. ऊन १,०००च्या आसपास पोचतं तेव्हा पॅनेल तापलेलं असतं, आणि सेल २५ अंशांवर असतो तेव्हा बहुतेकदा ऊन कोवळं असतं.

तुमच्याच नोंदींतली एक दुपार घेऊ. सेन्सर ९०० वॅट दाखवतोय, पॅनेलच्या पाठीला चिकटवलेला तापमापक ५८ अंश, आणि इन्व्हर्टरवर, म्हणजे पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्रावर, आकडा आहे १४.६ किलोवॅट. ऊन ९०० म्हणजे वीसातले १८ किलोवॅटच शक्य. तुमच्या पॅनेलचा तापमान गुणांक, म्हणजे सेल तापला की वीज किती घटते तो आकडा, दर अंशाला उणे ०.३५ टक्के आहे. २५च्या वर ३३ अंश, म्हणजे साधारण साडेअकरा टक्के घट. उरले १५.९. त्यातून वायरी, इन्व्हर्टर, थोडी धूळ आणि पॅनेलापॅनेलांतला फरक मिळून आठेक टक्के गेले, की १४.६ येतात. संच ठणठणीत आहे. खरं तर पाठीवरच्या तापमापकापेक्षा आतला सेल भर उन्हात दोन-तीन अंशांनी जास्तच गरम असतो, तेव्हा हिशेब थोडा संचाच्या बाजूनेच झुकतो.

अशी एक दुपार तपासून झाली, की वर्षभराच्या तक्त्याकडे शांतपणे बघता येतं.

कडक उन्हाच्या महिन्याचं कोडं थोडं वेगळं आहे. उष्णतेमुळे घट होते हे खरं, पण सगळा दोष उष्णतेवर ढकलू नका. दोन महिन्यांच्या सरासरी तापमानात दहा अंशांचा फरक असला तरी त्यातून फार तर साडेतीन टक्के जातात. महिन्याचं उत्पादन त्याहून जास्त घसरलं असेल, तर दुसरीकडे शोधायला हवं. ‘अ’ची पॅनेल कोनात आहेत. सूर्य डोक्यावर येतो त्या महिन्यांत आडव्या जमिनीवर ऊन जास्त पडतं, पण कललेल्या पॅनेलवर तितकं पडत नाही. आपल्याला ‘कडक’ वाटणारं ऊन आणि पॅनेलला मिळणारं ऊन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यात कोरड्या महिन्यातली धूळ आली. कुठल्या कारणाचा वाटा किती, ते पॅनेलच्याच कोनात बसवलेला सेन्सर सांगतो. हवामानाच्या बातम्यांतल्या कमाल तापमानावरून ते कळत नाही.

आता ‘अ’ विरुद्ध ‘ब’. तुमचा तक्ता असा आहे : ‘अ’ने प्रति किलोवॅट १,४३० युनिट दिले, ‘ब’ने १,३३०. फरक सात टक्के. यावरून ‘ब’ खराब असा शेरा मारण्याआधी एकच गोष्ट बघा : दोघांच्या पदरात ऊन किती पडलं? तुम्ही पाठवलेल्या नोंदींनुसार ‘अ’च्या पॅनेलच्या पातळीवर वर्षभरात दर चौरस मीटरला १,८५० युनिट ऊर्जा पडली. ‘ब’च्या पूर्व आणि पश्चिम बाजूंची सरासरी काढली तर १,६९०. प्रति किलोवॅट मिळालेली वीज भागिले दर चौरस मीटरला पडलेलं ऊन, यालाच परफॉर्मन्स रेशो किंवा कामाच्या बोलीत ‘पीआर’ म्हणतात. आयईसी ६१७२४ या आंतरराष्ट्रीय मानकात तो कसा काढायचा हे सविस्तर दिलंय. ‘अ’चा पीआर येतो ७७.३ टक्के आणि ‘ब’चा ७८.७. म्हणजे पडलेल्या उन्हाची वीज करण्यात ‘ब’ किंचित पुढेच आहे. पुरवठादार सबबी सांगत नव्हता.

पण थांबा, त्याला शाबासकी देण्याची घाई नको. नोंदी चाळताना मला दिसलं, की ‘अ’चा इन्व्हर्टर सलग अकरा दिवस शून्य दाखवतोय, आणि तेही स्वच्छ उन्हाच्या दिवसांत. त्या अकरा दिवसांत ‘अ’च्या पॅनेलवर साधारण ५५ युनिट ऊन पडलं आणि वाया गेलं. ते वजा केलं तर भागाकार १,४३० भागिले १,७९५ असा होतो आणि ‘अ’चा पीआर ७९.७ टक्क्यांवर जातो. पुन्हा ‘अ’ पुढे!

तेव्हा तुमच्या एकाच तक्त्यातून तीन निकाल निघाले. प्रति किलोवॅट उत्पादनात ‘अ’, पीआरमध्ये ‘ब’, बंद दिवस वगळून पीआर काढला तर पुन्हा ‘अ’. यातला एकही आकडा खोटा नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या गोष्टीचा न्याय करतो, इतकंच. प्रति किलोवॅट युनिट म्हणजे जागा, कोन, हवामान, यंत्र आणि देखभाल या सगळ्यांची एकत्र बेरीज. पीआरमधून जागा आणि दिशा बाजूला होतात. यंत्र, जोडणी, स्वच्छता, उष्णता आणि बंद काळ उरतो. बंद काळही काढला, की चालू असताना संच कसा चालतो तेवढंच उरतं. प्रमुखांनी ‘चांगलं कोण’ विचारलंय, पण कशात चांगलं, हे त्यांच्याकडून आधी वदवून घेणं तुमचं काम आहे. ते ठरल्याशिवाय गणित करणं म्हणजे एकाला चढावर आणि दुसऱ्याला उतारावर पळवून घड्याळ लावणं.

आता बंद दिवसांबद्दल माझं स्पष्ट मत. ते सरसकट वगळायला माझा विरोध आहे. इन्व्हर्टर जळाला म्हणून संच बंद राहिला असेल, तर ते अकरा दिवस पुरवठादाराच्या खात्यावर लागतात आणि पीआरमध्ये तसेच राहायला हवेत. छपराची डागडुजी होती म्हणून तुम्हीच स्विच पाडला असेल किंवा बाहेरचा वीजपुरवठा गेल्यामुळे संच आपोआप बंद झाला असेल, तर ते त्याच्या माथी मारणं अन्याय्य. दुरुस्तीच्या वहीत कारण लिहिलेलं असेल तर निवाडा पाच मिनिटांत होतो. लिहिलेलं नसेल तर आजपासून लिहायला लागा : तारीख, वेळ, काय बंद झालं, कशामुळे, कुणी चालू केलं. महागड्या सेन्सरपेक्षा या वहीचा उपयोग मला जास्त वाटतो.

शिवाय ७७, ७८ आणि ७९ या आकड्यांत आपण जो एवढा जीव गुंतवतोय, तो फरक कितपत खरा आहे? प्रकाश मोजणाऱ्या चांगल्या, नियमित तपासलेल्या सेन्सरमध्येही दोन-तीन टक्क्यांचा फरक सहज राहतो. दोन छपरांवरचे सेन्सर वेगळ्या जातीचे असतील, म्हणजे एकीकडे काचेच्या घुमटाचा पायरॅनोमीटर आणि दुसरीकडे सिलिकॉनचा संदर्भ सेल, तर तिरप्या उन्हात आणि ढगाळ हवेत दोघं वेगवेगळं बोलतात. यातलं कुठलंच चूक नसतं, पण ते एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. तेव्हा ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही यंत्रं सारख्याच तोलाची आहेत, हा माझा निष्कर्ष. दशांश चिन्हापुढच्या आकड्यासाठी कुणाला नापास करू नका.

सेन्सरची एक गंमत सांगते, कारण ती भल्याभल्यांना चकवते. सेन्सरवर धूळ बसली की तो ऊन कमी मोजतो. ऊन कमी मोजलं की भागाकारातला छेद लहान होतो आणि पीआर वाढतो. पॅनेल आणि सेन्सर दोन्ही सारखेच मळले, तर धुळीचा तोटा आकड्यांत दिसतच नाही. सेन्सर आठवड्याला पुसायचा, पॅनेल आपल्या वेळापत्रकाने. सेन्सर पुसल्याच्या दुसऱ्या दिवशी पीआर अचानक घसरला, तर घाबरू नका. संच कालही असाच होता, फक्त आज सेन्सर खरं बोलतोय.

आणखी एक प्रश्न दोन्ही पुरवठादारांना विचाराच : तुमचे किलोवॅट कुठले? पॅनेलच्या बेरजेचे की इन्व्हर्टरचे? बरेच जण इन्व्हर्टरच्या क्षमतेपेक्षा जास्त पॅनेल लावतात आणि त्यात गैर काहीच नाही. पण एकाने ३० किलोवॅटच्या इन्व्हर्टरला ३६ किलोवॅटची पॅनेल जोडून ‘३० किलोवॅटचा संच’ म्हटलं, तर प्रति किलोवॅट उत्पादन आपोआप वीस टक्क्यांच्या आसपास फुगतं. आपण वर काढलेले सगळे आकडे पॅनेलच्या किलोवॅटवरचे आहेत असं मी धरलंय. तसं नसेल तर पुन्हा भागाकार करावा लागेल.

‘ब’च्या पूर्व-पश्चिम मांडणीबद्दलही एक शब्द. प्रति किलोवॅट युनिट कमी येणार हे अशा मांडणीत आधीच ठाऊक असतं. तरी ती करतात, कारण पॅनेल एकमेकांवर सावली टाकत नाहीत, त्यामुळे तेवढ्याच छपरावर जास्त बसतात, आणि वीज फक्त दुपारी न उसळता सकाळपासून संध्याकाळपर्यंत पसरून मिळते. तुमच्या संस्थेचा वापर सकाळी लवकर आणि दुपारनंतर जास्त असेल, तर ‘ब’चं एक युनिट तुमच्या जास्त कामाचं असू शकतं. दर तासाचं उत्पादन आणि दर तासाचा वापर एकाच आलेखावर काढून बघा. मला विचाराल तर प्रमुखांच्या टेबलावर तोच आलेख आधी ठेवा.

आता बिचारी पवनचक्की. प्रति किलोवॅट ९६० युनिट. ती वर्षभर अखंड पूर्ण क्षमतेने फिरली असती तर जेवढी वीज मिळाली असती, त्याच्या ११ टक्के. सौर संचांचे हेच आकडे साधारण १६ आणि १५ टक्के. ११ वाचून कुणीही म्हणेल, भंगारात काढा. पण वाऱ्याचा स्वभाव उन्हापेक्षा फार वेगळा आहे. ऊन दुप्पट झालं तर वीज साधारण दुप्पट होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर वाऱ्यातली ऊर्जा आठपट होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे तुमच्या गच्चीवरच्या नोंदीतला ‘सरासरी वेग सेकंदाला ४.२ मीटर’ हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. समजा वारा एका ठिकाणी सतत ६ मीटरने वाहतो, आणि दुसऱ्या ठिकाणी निम्मा वेळ ४ आणि निम्मा वेळ ८. दोन्हीकडे सरासरी ६. पण ६चा घन २१६, तर ४ आणि ८च्या घनांची सरासरी २८८. सरासरी तीच आणि ऊर्जा तेहतीस टक्के जास्त.

म्हणून पवनचक्कीची परीक्षा वेगाच्या कप्प्यांनी घेतात. आयईसी ६१४००-१२-१ हे मानक हेच सांगतं : वाऱ्याच्या नोंदी अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या कप्प्यांत टाकायच्या आणि प्रत्येक कप्प्यात सरासरी किती वीज मिळाली ते काढायचं. मोठ्या यंत्रांसाठी दहा मिनिटांची सरासरी धरतात, छोट्यांसाठी एका मिनिटाची. यातून निघणारी वक्ररेषा बनवणाऱ्याने दिलेल्या वक्ररेषेवर ठेवली, की यंत्रात खोट आहे की जागेत, ते स्पष्ट दिसतं. हवेच्या घनतेचा हिशेबही धरावा लागतो. बनवणारे बहुधा घनमीटरला १.२२५ किलो धरतात, म्हणजे समुद्रसपाटीला १५ अंशांची हवा. ४० अंशांच्या हवेत ती आठेक टक्क्यांनी विरळ होते, उंच पठारावर त्याहूनही विरळ. तेवढी वीज यंत्राचा काही दोष नसताना कमी होते.

तुमची खरी अडचण मात्र गच्चीवरच्या वेगमापकाची आहे. तो कठड्याच्या आडोशाला आहे आणि चक्कीच्या आसापेक्षा बराच खाली. मोकळ्या सपाट जमिनीवर १० मीटर उंचीवरून २० मीटरवर गेलं, तर वेग साधारण दहा टक्के वाढतो असा ठोकताळा आहे, आणि ऊर्जा त्यामुळे जवळपास पस्तीस टक्के. इमारतींच्या गर्दीत तर हा ठोकताळाही चालत नाही. तिथे वारा गिरक्या घेत येतो. तुमची नोंद वापरण्याजोगी आहे का, याची एक सोपी कसोटी आहे. वाऱ्यातल्या ऊर्जेपैकी कुठलीही पवनचक्की जास्तीत जास्त ५९.३ टक्केच घेऊ शकते. ही बेट्झची मर्यादा. प्रत्यक्षात छोटं यंत्र याच्या बरंच खाली असतं. तुमच्या वेगमापकाच्या नोंदीवरून हिशेब केल्यावर एखाद्या कप्प्यात ६५ किंवा ७० टक्के आले, तर चक्कीने चमत्कार केलेला नाही. वेगमापक वारा कमी मोजतोय. मानक सांगतं की तो आसाच्या उंचीवर, पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाच्या अडीच पट अंतरावर उभा करावा. तसा खांब उभारेपर्यंत पवनचक्कीवर कुठलाच निकाल देऊ नका, बरा किंवा वाईट.

आणि सौर संचाशी तिची टक्केवारीत तुलना तर नकोच. ती रात्री चालते, ढगाळ वादळी दिवसांत चालते. तिचे ९,६०० युनिट कुठल्या तासांत आले ते बघा. त्यातले निम्मे जरी अंधारातले असतील, तर ते काम छपरावरची पॅनेल करूच शकत नव्हती.

‘चांगलं कोण’ हा प्रश्न परिस्थितीशिवाय अर्धवट राहतो, हे फक्त वीज देणाऱ्या यंत्रांपुरतं नाही. सौर पाणीतापकांत सपाट काचेचा तापक आणि निर्वात नळ्यांचा तापक यांच्या कार्यक्षमतेच्या रेषा एकमेकींना चक्क छेदतात. पाणी आणि हवा यांच्या तापमानात थोडाच फरक असेल तेव्हा सपाट तापक सरस ठरतो; कडाक्याच्या थंडीत कढत पाणी हवं असेल तेव्हा नळ्यांचा, कारण त्यातून उष्णता कमी निसटते. छोट्या जलविद्युत प्रकल्पातही तेच. पूर्ण प्रवाहावर फ्रान्सिस जातीची टर्बाइन, म्हणजे पाण्याने फिरणारं चाक, उत्तम चालते, पण प्रवाह निम्म्याच्या खाली गेला की तिची कार्यक्षमता घसरते. पेल्टन जातीची टर्बाइन मात्र कमी पाण्यातही फारशी ढासळत नाही. आता ओढ्याला वर्षातले किती महिने भरपूर पाणी असतं, हे माहीत नसताना कुठली चांगली म्हणणार?

अहवाल कसा लिहावा, ते थोडक्यात सांगते. पहिल्या परिच्छेदात प्रमुखांना विचारा, की त्यांना पुरवठादार पारखायचाय, जागा निवडायचीय की वीजबिल कमी करायचंय. नंतर प्रत्येक संचाचे चार आकडे द्या : एकूण युनिट, प्रति किलोवॅट युनिट, पीआर आणि बंद तास कारणासकट. शेजारी मोजमापातली अनिश्चितता लिहा, म्हणजे एका टक्क्यावरून बैठकीत वाद पेटणार नाही. महिन्यामहिन्याचा पीआर देणार असाल, तर तो तापमानाची दुरुस्ती करून, म्हणजे उष्णतेमुळे पडणारा फरक हिशेबातून काढून द्या. नाहीतर दर उन्हाळ्यात संच ‘बिघडतो’ आणि दर हिवाळ्यात ‘सुधारतो’. पॅनेल जुनी होण्याचा परिणाम मात्र एका वर्षात शोधू नका. सिलिकॉनच्या पॅनेलची घट साधारणपणे वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, ती सेन्सरच्या चुकीतच बुडून जाते. तीन-चार वर्षांच्या नोंदी साठल्या की मग बघू.

पुढचं काम कुणाला, याचं उत्तर या तक्त्यात नाही. दोघांनाही बोलवा आणि हमीपत्र मागा : तापमानाची दुरुस्ती केलेला पीआर किती, तो कुठल्या सेन्सरने मोजायचा, सेन्सरची तपासणी कुणी आणि कधी करायची, आणि बंद पडलेला दिवस कुणाच्या खात्यावर. जो या चारही गोष्टी लेखी द्यायला तयार होईल, त्याच्याशी पुढचं बोला. आणि ‘अ’वाल्याला त्या अकरा दिवसांचं कारण या आठवड्यातच विचारा, नाहीतर नंतर कुणाला आठवणार नाही.